वाचक विचारतात: मिठूचा डबा, त्यातली जाळी आणि ती रोजची सूर्यफुलाची बी

या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त प्रश्न खाण्याचेच आहेत, आणि त्यातलेही बरेचसे पावसाळ्यात डब्यात काय होतं त्याचे. म्हणून पिंजऱ्याचा आकार, चावणं, पिसं उपटणं वगैरे सगळं पुढच्या अंकावर ढकललंय, रागावू नका. एक आधीच सांगून टाकते, मी डॉक्टर नाही, बरीच वर्षं पक्षी पाळलेली बाई आहे, त्यामुळे पक्षी फुगून बसलाय, खात नाहीये, शी हिरवी पाण्यासारखी झालीय असं काही असेल तर मला मेल न करता पक्षी बघणाऱ्या व्हेटकडे जा, त्याच दिवशी.

आमचा कॉकटील (शेंडीवाला छोटा पोपट) मिक्स सीडमधल्या फक्त सूर्यफुलाच्या बिया खातो, बाकी सगळं खाली फेकतो. दुकानदार म्हणतो महागातलं मिक्स घ्या. सुटं घ्यावं की पॅकेटचं? – डोंबिवलीच्या एक ताई

ताई, महागातलं मिक्स आणलंत तरी तो त्यातल्याही सूर्यफुलाच्याच बिया खाईल आणि महागातलं राळं खाली फेकेल, एवढाच फरक. सूर्यफुलाच्या बीचा जो गर असतो त्यात जवळपास निम्मं तेल असतं, त्यामुळे चव लागते आणि पोपटवर्गातल्या सगळ्यांनाच ती आवडते, पण तिच्यात कॅल्शियम फार कमी आणि अ जीवनसत्त्व तर नसल्यातच जमा. जंगलात उडणाऱ्या पक्ष्याला ते तेल जिरवता येतं, आपला मात्र पडद्याच्या दांडीवरून फ्रिजवर आणि फ्रिजवरून पुन्हा दांडीवर एवढंच उडतो. वर्षानुवर्षं असं चाललं की लिव्हरवर चरबी चढते आणि बाहेरून पक्षी गुटगुटीत दिसतो, घरचे म्हणतात बघा कसा छान भरलाय.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे वाटीतून सूर्यफूल बाहेर काढायचं. बंद नाही करायचं, बाहेर काढायचं, ते का ते खाली पुण्याच्या प्रश्नात सांगितलंय. वाटीत बाजरी, राळं, कॅनरी सीड, थोडे सोललेले ओट्स असं बारीक धान्य ठेवा. करडई पण काही लोक सूर्यफुलाऐवजी घालतात आणि दुकानदार 'ही चालते हो' म्हणून देतात, पण तीही तेलबीच आहे, आपण करडईचं तेल काढतोच की. थोडी चालेल, वाटी भरून नाही.

आता सुटं की पॅकेट. सुटं वाईटच असतं असं मी म्हणणार नाही, ज्या दुकानात माल पटापट खपतो तिथलं सुटं धान्य हे सहा महिने शेल्फवर पडलेल्या चकचकीत पॅकेटपेक्षा कधीही बरं. फक्त उघडं पोतं असेल तर आधी मूठभर हातात घेऊन वास घ्या. खवट, कुबट, ओलसर असा काही वास आला तर तिथूनच परत फिरा. हाताला खूप पांढरी धूळ लागली, दाणे एकमेकांना चिकटलेले दिसले, उंदराच्या लेंड्या दिसल्या (हो, दिसतात) तर घेऊ नका. पॅकेट असेल तर पॅकिंगची तारीख बघा आणि पारदर्शक भागातून तळाशी बघा, तळाला भुगा साठलेला असेल तर आत पाहुणे आहेत.

घरी करायची एक सोपी टेस्ट आहे आणि ती मला कुठल्याही लेबलपेक्षा जास्त पटते. त्या मिक्समधली चमचाभर बाजरी-राळं रात्री भिजवा, सकाळी ओल्या फडक्यात बांधा, जशी आपण मटकी बांधतो तशी. दोन-तीन दिवसांत बहुतेक दाण्यांना मोड आले तर धान्य जिवंत आहे. मोजकेच दाणे उगवले आणि बाकी बुळबुळीत झाले तर ते धान्य जुनं आहे किंवा कुठेतरी जास्त तापलंय. सोललेल्या ओट्सना सहसा मोड येत नाहीत, ते टेस्टमध्ये धरू नका.

आणि वाटी भरलेली दिसतेय यावर कधीच विश्वास ठेवू नका! पोपट दाणा सोलून खातात आणि टरफल तिथेच टाकतात, त्यामुळे वाटी वरून काठोकाठ भरलेली दिसते आणि खाली एकही दाणा नसतो. लोक गावाला जाताना शेजाऱ्यांना सांगून जातात की वाटी रिकामी झाली की भरा, शेजारी बिचारे रोज बघतात, भरलेलीच आहे म्हणून जातात, आणि तिसऱ्या दिवशी पक्षी गेलेला असतो. रोज वाटी बाहेर नेऊन फुंकर मारायची, टरफलं उडवायची आणि मग बघायचं काय उरलंय. कॉकटीलला दिवसाला दहा-पंधरा ग्रॅमच्या आसपास धान्य पुरतं, तेवढंच घाला, म्हणजे निवडानिवडीची चैन आपोआप कमी होते.

बियांच्या डब्यात जाळी झालीय, बारीक अळ्या आहेत आणि घरभर छोटी पाखरं उडतायत. शेजारच्या काकू म्हणतात डब्यात बोरिक पावडर टाक, सासूबाई म्हणतात तमालपत्र. काय करू? – चिपळूण

काकूंचं अजिबात ऐकू नका. आपल्याकडे तांदळाला, तूरडाळीला बोरिक पावडर चोळून ठेवायची पद्धत खूप घरांत आहे, आपण ते धुऊन शिजवतो म्हणून चालून जातं, पण पक्षी दाणा धुवत नाही, तो टरफल जिभेवर फिरवून सोलतो आणि छोट्या पोपटाचं तर सगळं वजनच शंभर ग्रॅमच्या आत असतं. तोच नियम पाऱ्याच्या गोळ्यांना, डांबरगोळ्यांना, आणि धान्याच्या कोठीत ठेवतात त्या विषारी टिकड्यांना. त्या टिकड्यांमधून गॅस सुटतो आणि त्यानं माणसंसुद्धा मेलेली आहेत, त्या तर राहत्या घरात आणूच नका, पक्षी असो नसो. एरंडेल लावून ठेवलेलं धान्यही पक्ष्याला नको. थोडक्यात काय तर वर्षाचं साठवणीचं धान्य हे घरच्यांसाठी, पक्ष्याचं वेगळं.

सासूबाईंचं तमालपत्र निरुपद्रवी आहे, ठेवायचं तर ठेवा, पण त्यावर विसंबू नका. कडुलिंबाचा पाला कडकडीत वाळलेला असेल तर ठीक, अर्धवट ओला टाकलात तर उलट डब्यात दमट होतं आणि बुरशी येते.

ती जी पाखरं आहेत ना, ती बाहेरून घरात आलेली नसतात बहुतेक वेळा, धान्याबरोबरच अंड्यांच्या रूपात येतात आणि उबदार दमट हवा मिळाली की फुटतात. अळ्या पक्ष्यानं खाल्ल्या तर त्याला काही होत नाही, उलट मिटक्या मारत खाईल, प्रश्न असा आहे की अळीनं दाण्याचा आतला चांगला भाग खाल्लेला असतो, उरतो तो भुगा, आणि भुगा ओल धरतो. म्हणून ज्या डब्यात भरपूर जाळी झालीय, दाणे गुठळ्या होऊन लटकतायत तो सगळा माल कचऱ्यात टाका, जीव जळला तरी. कचऱ्यात म्हणजे बांधून घराबाहेर, नाहीतर पाखरं उडून परत आत. मग डबा गरम पाण्यानं धुवायचा, झाकणाच्या आट्यांमध्ये टूथब्रश फिरवायचा कारण अळ्या तिथेच जाऊन कोष करतात, आणि शेल्फच्या फटी, कोपरे पुसून काढायचे. डबा पूर्ण कोरडा झाल्याशिवाय भरू नका. चिपळूणच्या जुलैमध्ये डबा आपोआप वाळत नाही हे मला माहितीय, गॅसशेजारी उपडा ठेवा किंवा हेअर ड्रायर मारा.

नवीन माल आणलात की तो आधी डीप फ्रीझरमध्ये. उणे 18 ला चार दिवस राहिलं की अंडी-अळ्या सगळं मरतं, पण आपल्या घरचा फ्रीझर दिवसातून दहा वेळा उघडतो आणि मोठ्या पिशवीच्या मधोमध थंडी पोचायला वेळ लागतो, म्हणून मी आठवडाभर ठेवायला सांगते, आणि एक-एक किलोच्या चपट्या पिशव्या करून. बाहेर काढल्यावर लगेच उघडायची नाही! बंद पिशवी तशीच खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, चार-पाच तास, तोवर बाहेरून घाम येईल तो पुसून टाका. थंड पिशवी उघडली की तोच घाम आत दाण्यांवर बसतो आणि आपणच बुरशीला आमंत्रण देतो.

आणि खरं सांगू का, या सगळ्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे पावसाळ्यात पाच किलोची गोणी घ्यायचीच नाही. स्वस्त पडते म्हणून घेतो आणि अर्धी फेकतो. महिनाभर पुरेल एवढंच आणा, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, आणि तो डबा फ्रिजच्या डोक्यावर किंवा ओट्याच्या वर ठेवू नका, तिथे ऊब असते आणि तेलबिया खवट होतात. रोजच्या वापराला एक छोटी बाटली वेगळी भरा म्हणजे मोठा डबा सारखा उघडावा लागत नाही. जुन्यावर नवीन ओतायचं नाही, जुनं संपवून डबा पुसून मग नवीन.

ताई मी बारावीत आहे, माझ्याकडे बजीची (बजरीगर, छोटे रंगीत पोपट) जोडी आहे. त्यांना मारी बिस्कीट आणि आमच्या ताटातलं थोडं थोडं दिलं तर चालेल का? – सातारा

बिस्कीट नको, चिवडा-फरसाण-शेव तर अजिबात नको, चहात बुडवलेलं तर विषयच नको. तुझी बजी तीस-चाळीस ग्रॅमची आहे, तिच्यासाठी शेवेचा एक तुकडा म्हणजे मिठाचा डोंगर होतो. दूध आणि दुधाचे पदार्थही नकोत, पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. कांदा-लसूण, चॉकलेट, कॉफी हे कायमचं बंद. साधी चपाती, बिनमिठाचा भात, उकडलेला बटाटा, नखाएवढं उकडलेलं अंडं हे कधीतरी चालेल. स्वतःच्या तोंडातून चावलेलं मात्र भरवू नकोस, रील्समध्ये कितीही गोड दिसलं तरी, आपल्या थुंकीतले जंतू त्यांना बाधतात.

तुझ्यासाठी महत्त्वाचं दुसरंच आहे. नुसत्या राळ्या-बाजरीवर वाढलेल्या बजीला आयोडीन कमी पडतं आणि घशातली थायरॉईड ग्रंथी सुजते, मग श्वास घेताना चिकचिक आवाज येतो, गिळायला त्रास होतो. म्हणून रोज काहीतरी हिरवं, कोथिंबिरीची काडी, मेथीची दोन पानं, किसलेलं गाजर, आणि दुकानात आयोडीनचा ठोकळा मिळतो तो पिंजऱ्याला लाव. पहिले आठ-दहा दिवस बघणारसुद्धा नाहीत. मग एक दिवस कोथिंबिरीवर पाणी शिंपडून छताला टांगून ठेव, बजींना ओल्या पाल्यात अंग घासायला आवडतं आणि घासता घासता चव कळते. अभ्यास पण कर.

आमच्याकडे आफ्रिकन ग्रे पोपट आहे. डॉक्टरांनी पेलेट्स (पक्ष्यांच्या खाण्याच्या तयार गोळ्या) द्यायला सांगितलेत पण तो तोंड लावत नाही. दुकानात पेलेट्स सुटे झिप पाऊचमध्ये स्वस्त मिळतात, ते घेऊ का? – नागपूर

सुटे पेलेट्स नका घेऊ. मोठं इम्पोर्टेड पोतं फोडून पाव-अर्ध्या किलोच्या पाऊचमध्ये भरून विकतात, त्यावर ना बॅच ना तारीख, आणि पोतं कधी फोडलं ते देवाला माहीत. धान्याचं एक बरं असतं, त्याला मोड आणून बघता येतो, पेलेट मेला की जिवंत ते कळायला काहीच मार्ग नाही. त्यातली जीवनसत्त्वं हवेनं, उजेडानं, उष्णतेनं कमी होत जातात आणि तुमच्या नागपूरच्या मे महिन्यात तर विचारूच नका. कंपनीचं सीलबंद, एक्सपायरी निदान पाच-सहा महिने लांब असलेलं, आणि उघडल्यावर दीड-दोन महिन्यांत संपेल एवढंच छोटं पॅक घ्या. मूळ पिशवीतच ठेवा, हवा दाबून काढा, क्लिप लावा आणि ती पिशवी डब्यात ठेवा, म्हणजे तारीखही डोळ्यासमोर राहते. रंगीत घ्यायचे की साधे हा वाद चालू असतो, मी साधे घेते, कारण रंगीत खाल्ले की शीचा रंग बदलतो आणि पक्षी आजारी आहे का ते कळेनासं होतं.

आता तोंड लावत नाही त्याचं. ग्रे हा हुशार पक्षी आहे आणि हुशार असल्यामुळेच नवीन गोष्टीला घाबरतो, त्याला पेलेट म्हणजे खाणं आहे हेच माहीत नाही. 'भूक लागली की खाईल' हा माणसाच्या पोरांवरचा उपाय इथे करू नका, पक्षी खरोखर उपाशी राहून मरतात. डिजिटल किचन काटा घ्या, रोज सकाळी शी झाल्यावर आणि खायच्या आधी वजन करा, वहीत लिहा. ग्रे साधारण चारशे-पाचशे ग्रॅमचा असतो, त्याच्या नेहमीच्या वजनातून दहा टक्के घट झाली तर थांबा, जुनं खाणं पूर्ण द्या आणि डॉक्टरांना फोन करा. सुरुवातीला नेहमीच्या खाण्यात चमचाभर पेलेट्सचा चुरा मिसळा, उकडलेल्या लाल भोपळ्याच्या लगद्यात घोळवून द्या, कोमट पाण्यात मऊ करून द्या (मऊ केलेले दोन तासांत उचला, तुमच्याकडे उन्हाळ्यात तासाभरातच). सगळ्यात चालणारी युक्ती म्हणजे तुम्ही त्याच्यासमोर बसून वाटीतून पेलेट उचलून खाल्ल्याचं नाटक करायचं, मिटक्या मारत, 'वा वा' करत. घरचे हसतील, हसू द्या. कुणाला पंधरा दिवस लागतात, कुणाला सहा महिने.

ग्रेमध्ये कॅल्शियम कमी पडून फिट येण्याचे प्रकार इतर पोपटांपेक्षा जास्त होतात, त्यामुळे डॉक्टरांनी पेलेट्स सांगितलेत ते उगाच नाही. सोबत शेवग्याचा पाला, मेथी, राजगिऱ्याची भाजी द्या. पालक अधूनमधून, कारण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून ठेवतं. आणि सकाळचं कोवळं ऊन काचेतून नाही तर उघड्या खिडकीत जाळीआडून द्या, काचेतून हवे ते किरण आत येतच नाहीत. विचारलं नाहीत तरी सांगते, ग्रेची नोंदणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, केली नसेल तर करून घ्या.

पोपटाला शेंगदाणे, काजू, खोबरं द्यावं का? आमच्याकडे काजू घरचेच असतात. – फोंडा, गोवा

काजू भाजून सोललेला, बिनमिठाचा, अर्धा, मोठ्या पोपटाला कधीतरी. कच्ची बी टरफलासकट नाही, टरफलातलं तेल आपलेच हात भाजतं तर त्याच्या जिभेचं काय. ओल्या खोबऱ्याचा छोटा तुकडा चालेल, पण तो तासाभरात उचलायचा, खोबऱ्याला बुरशी फार पटकन धरते, आणि सुकी वाटी आतून काळी-हिरवी झालेली असेल तर ती कापून उरलेली देणं वगैरे प्रकार नको.

शेंगदाण्याबद्दल मी जरा कडक आहे. शेंगदाणा आणि मका या दोन गोष्टींवर एक बुरशी येते जिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते लिव्हर खातं. त्याला रंग नाही, वास नाही, आणि भाजल्यानं ते थोडं कमी होतं पण पूर्ण जात नाही, म्हणून 'मी भाजून देते' याला काही अर्थ नाही. त्याच बुरशीच्या जातकुळीचे कण शेंगेच्या टरफलावर असले की सोलताना थेट नाकात जातात आणि पक्ष्यांच्या फुप्फुसात, हवेच्या पिशव्यांत जाऊन बसतात, तो आजार बरा करायला महिनोन्महिने लागतात. म्हणून पक्ष्यांच्या दुकानातल्या शेंगा घ्यायच्याच नाहीत. माणसांसाठी निवडलेले, भरीव, एकसारख्या रंगाचे सोललेले दाणे घ्या, सुरकुतलेले, काळपट, कडवट वाटणारे फेका, आणि मोठ्या पोपटाला एखादा-दुसरा, बक्षीस म्हणून. डबा फ्रिजमध्ये.

भाजायचे असतील तर लोखंडी कढईत भाजा. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्यातून जो धूर निघतो त्यानं पक्षी काही मिनिटांत मरतो, आपल्याला बऱ्याचदा साधा ठसकासुद्धा लागत नाही. पक्षी असलेल्या घरात मी नॉनस्टिक ठेवूच नये म्हणते.

आजी आमच्या राघूला रोज भिजवलेली चणाडाळ आणि हिरवी मिरची देते. मिरचीनं त्याचं तोंड भाजत नसेल का? – कोल्हापूर

नाही भाजत. तिखटपणा ज्या कॅप्सेसिनमुळे जाणवतो ते पकडणारी यंत्रणा पक्ष्यांमध्ये वेगळी असते, त्यांना ते तिखट लागतच नाही, कोल्हापूरची असली तरी. मिरचीचंही काम होतं त्यात, पक्षी फळ खातात आणि बी न चावता लांब नेऊन टाकतात. उलट ताज्या मिरचीत अ आणि क जीवनसत्त्व चांगलं असतं, आजींचा मेनू निम्मा तरी बरोबर आहे. फक्त मिरची धुऊन द्या, फवारणी भरपूर असते. देठ काढून, चिरून आत काळं नाही ना ते बघा. वाळलेल्या लाल मिरच्यांत मात्र पावसाळ्यात आतून बुरशी असते, त्या टाळा. डाळ सकाळी दिलेली संध्याकाळपर्यंत वाटीत ठेवायची नाही, दोन-तीन तासांत बुळबुळीत होते. कच्चा किंवा नुसता भिजवलेला राजमा कधीच नाही, तो चांगला शिजवल्याशिवाय विषारीच असतो.

आता न आवडणारं. राघू म्हणजे आपला हिरवा, गळ्याला कंठ असलेला देशी पोपट असेल तर तो 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, घरी पाळता येत नाही. कीर, करण पोपट, टोई, सगळेच. वर्षानुवर्षं घरात आहे म्हणून सूट नाही. आणि म्हणून उद्या पिंजरा उघडून त्याला सोडून देऊ नका, हाताळलेला पक्षी बाहेर कावळ्या-मांजरांच्या तोंडी जातो, त्याला शोधून खायची सवय नसते. वनखात्याची 1926 ही हेल्पलाइन आहे, त्यांच्याशी बोला. आजींना कसं सांगायचं ते तुम्ही बघा, ते माझ्याच्यानं होणार नाही.

ग्रीन-चीक कॉन्युअर जातीचा छोटा पोपट आहे, आमच्या ग्वाकामोलेवर (अव्होकाडोच्या चटणीवर) झडप घालतो. थोडं चालेल? – न्यू जर्सीहून

थेंबभरही नाही. अव्होकाडोमध्ये पर्सिन नावाचं द्रव्य असतं, पक्ष्यांचं हृदय त्यानं बंद पडतं, कधी दिवसभरात. वर तुमच्या ग्वाकामोलेत कांदा आणि मीठ पण. खाल्लं असेल तर वाट बघत बसू नका, इमर्जन्सी व्हेट. ते बनवताना पक्षी पिंजऱ्यात.

कुठली फळं द्यावीत? आंब्याच्या सीझनमध्ये आम्ही रोज देतो. – देवगड

देवगडकरांचा पोपट पण नशीबवान! आंबा, पपई छान, पेरू बियांसकट, डाळिंब तर पार्टीच, भिंती धुवायची तयारी ठेवा. चिकूच्या बिया काढून, सीताफळाच्या बिया तर आठवणीनं काढून कारण त्या विषारी असतात, सफरचंदाच्याही काढून. पण फळ म्हणजे साखर आणि पाणी, रोजच्या खाण्यात त्याचा वाटा छोटा हवा आणि भाजीचा मोठा. रोज आंबा खाल्ला की शी पातळ होते, घाबरू नका, ते पाणी असतं. दोन तासांनी उचलायचं, नाहीतर चिलटं.

समुद्रकिनाऱ्यावर समुद्रफेस (माकुळाचं पांढरं हाड) मिळतो तो धुऊन दिला तर चालेल का? आणि पाण्यात टाकायचे व्हिटॅमिन ड्रॉप्स? – ठाणे

समुद्रफेस चालतो, मऊ बाजू पक्ष्याकडे करून लावा. किनाऱ्यावरचा असेल तर तेलाचे डाग, काळपट भाग असलेला घेऊ नका, चार-पाच दिवस रोज पाणी बदलत भिजवा, मग उकळून कडक उन्हात वाळवा, वास पूर्ण गेला की द्या. ठाण्याच्या आसपासच्या खाडीतला मी तरी नाही घेणार, दुकानात फार महाग नाही मिळत.

ड्रॉप्स पाण्यात नको. पाण्याची चव बदलली की पक्षी पाणी पिणं कमी करतो, किती पोटात गेलं ते कळत नाही, आणि गोडसर पाण्यात दुपारपर्यंत जंतूंची जत्रा भरते. डॉक्टरांनी सांगितलंच असेल तर ओल्या खाण्यावर घाला. आधीच पेलेट्स खात असेल तर स्वतःच्या मनानं अजिबात नाही, जास्तीची जीवनसत्त्वंही त्रास देतात. ग्रिट म्हणजे ती वाळू-खडी पण विकतात, तीही पोपटांना लागत नाही, ते दाणा सोलून खातात. कबुतरांची गोष्ट वेगळी.

ट्रेनिंगसाठी ट्रीट कुठली चांगली? हनी स्टिक्स देऊ का? – पुणे

हनी स्टिक म्हणजे तेच धान्य साखर-मध आणि डिंकानं काडीला चिकटवलेलं, आणि पावसाळ्यात ती पॅकेटमध्येच ओलसर होऊन तिला बुरशी लागते जी मधाच्या रंगात दिसत नाही. एकदा पिंजऱ्यात अडकवली की पक्षी दोन दिवस दुसरं काही खात नाही, मग ती ट्रीट कसली, ते जेवणच झालं. दिवसभरात ट्रीट सगळ्या खाण्याच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नको.

तुम्हाला महागाची ट्रीट शोधायची गरजच नाही. वर डोंबिवलीच्या ताईंना सूर्यफूल वाटीतून काढायला सांगितलं ना, ते इथे वापरायचं. ज्या गोष्टीसाठी पक्षी जीव टाकतो ती वाटीत फुकट मिळत असेल तर तो तुमच्या हातावर का येईल? वाटीतून काढा आणि फक्त हातातूनच द्या, एक बी, काम झाल्याबरोबर, दोन-तीन सेकंदांच्या आत, नाहीतर त्याला कळत नाही कशाबद्दल मिळाली. पाच-सात मिनिटं शिकवायचं आणि थांबायचं. दिवसाला सात-आठ बिया कॉकटीलला खूप झाल्या. छोट्या पक्ष्यांना राळ्याच्या कणसाचा दाणा-दाणा चालतो, ती कणसंही घट्ट डब्यात ठेवा, त्यात पाखरं सगळ्यात आधी होतात.

घरातलं हवं असेल तर ज्वारीच्या लाह्या. हलक्या, बिनतेलाच्या, बिनमिठाच्या, कुरकुरीत, एक लाही फोडून खायला पक्ष्याला वेळ लागतो आणि पोट भरत नाही. फक्त नागपंचमीच्या वेळी बाजारात मिळतात त्यातल्या काहींना मीठ-हळद लावलेलं असतं, त्या नको, विचारून घ्या. मखाणेही चालतील, बिनमसाल्याचे. चुरमुरे चाखून बघा, बहुतेक खारट असतात. लाह्या एकदा मऊ पडल्या की फेकून द्या, परत कढईत टाकून कुरकुरीत केलेल्या नकोत, मऊ पडल्या म्हणजे ओल आत गेलेली आहे.

आणि ट्रेनिंगच्या कपड्यांच्या खिशात ट्रीट ठेवायची सवय असेल तर रात्री खिसे रिकामे करा. मशीनमध्ये धुतलेली, चार दिवसांनी खिशात सापडलेली सूर्यफुलाची बी 'वाया कशाला घालवायची' म्हणून पक्ष्याला देणारे लोक मी पाहिलेत.